सख्ख्या भावाची किडनी

आणीबाणीच्या सुमाराची गोष्ट. कराड-सांगली एसटीत मला तिघांच्या बाकावर मधली जागा मिळाली. खिडकीशी एक निवृत्त फौजी होते. चेहरा भाकरीसारखा फुगलेला, खाली भरघोस मिशा, आणि खड्डा आला की पोटावर असा हात, जणू आत अंडी ठेवलीत.

मी बघतोय हे पाहून तेच म्हणाले, "भावाची किडनी बसवलीय. तोंड गोळ्यांनी सुजलंय."

"सख्ख्या भावाची? मग छान मानवली असेल."

"कशाची! डॉक्टर म्हनला, दोघांचं समदं तंतोतंत जुळतंय. तरी ताप आला. माजं अंगच तिला परकी समजून मारायला उठलं. डॉक्टर चक्रावला. म्या म्हनलं, सायेब, जुळतंय म्हनून तर भांडान! लांबच्या मानसाचा बांध कोन कोरतंय?"

शेताच्या बांधावरून भावाशी केस चालू होती, बोलणंही बंद होतं.

"तरी त्यांनी किडनी दिली?"

"दिली. बांध न्हाई दिला."

इतक्यात माझ्या दुसऱ्या बाजूच्या माणसानं गोळी आणि तांब्या पुढं केला. तेच नाक, तशाच मिशा.

"ह्यास्नी सांगा," तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "गोळीची वेळ झाली. आत माजा माल हाय."

फौजींनी गोळी निमूट गिळली. "त्येला सांगा, माल भांडतोय लय, पर कामाला चुकत न्हाई."

सांगलीपर्यंत त्या दोघांमधला बांध मीच होतो. दोघांनीही कोपरांनी मला सारखंच कोरलं.