निसटलेला साखरमोती

सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक बाई घरीच केक करतात. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक आणायला मी तिला घेऊनच गेले होते. बाई चिमट्याने क्रीमवर साखरेचे मोती बसवत होत्या. एक मोती ठेवला की लगेच डबीचं झाकण लावायच्या, पुढच्यासाठी परत उघडायच्या. मला त्याचं हसू आलं. लेक शेजारी चटईवर खेळत होती.

एवढ्यात एक मोती चिमट्यातून निसटून खाली पडला. बाईंचा चेहरा उतरला. त्या गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागल्या.

"जाऊ द्या ना काकू, डबीत भरपूर आहेत," मी म्हणाले.

"सापडला पाहिजे," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मी जागीच थिजले. बाईंनी तिला उचलून हातावर पालथं धरलं आणि पाठीवर जोरात थापा मारल्या. मोती बाहेर पडला. लेकीने भोकाड पसरलं.

मी तिला छातीशी धरून उगी करू लागले.

"रडू द्या तिले," बाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "माह्या नातवाच्या वेळेस मले वाटलं, लेकरू चूप बसून खेळून राहिलं. घशात अडकलं की रडता येत नाही, बाई."

आजही लेक खेळता खेळता गप्प झाली, की मी हातातलं टाकून धावते.