नितळ पाण्याची बाटली
न्हाव्यानं गालावर तुरटी फिरवली की मला अजून चीड येते. मोहाडीकडच्या आमच्या गावात नळाला नदीचं हिरवट, गढूळ पाणी यायचं. ते दाखवायला मी, माझी काकू आणि गावातले काहीजण बाटली भरून नागपूरला अधिवेशनात मंत्र्यांकडे गेलो. बाटली काकूनं आदल्या दिवसापासून सांभाळली होती. मंत्र्यांनी ती उजेडात धरली, तर पाणी नितळ! "स्वच्छच आहे की," ते म्हणाले. मी चमकून काकूकडे पाहिलं. "मंग? एवढ्या मोठ्या मानसाले घान पानी देतेत काय? लुगड्यानं गाळलं, तुरटी फिरवली," ती अभिमानानं म्हणाली. मंत्री खूश झाले. "बघा, घरच्या घरी होतंय!" म्हणत त्यांनी पुढच्या माणसांना आत बोलावलं. काकूवर तरी काय रागावणार? गावाची पाणीयोजना आजही तीच आहे, काकूचं लुगडं आणि तुरटी.