रविवारचं भांडण

अमेरिकेत, फ्रीमाँटमधला आमचा मेकॅनिक लाहोरचा होता. गाडीखाली पडल्या पडल्या त्याच्या देशाच्या राष्ट्रकवीचे शेर म्हणायचा आणि स्वतःच दाद द्यायचा.

आई गेल्यावर बाबा औरंगाबादहून माझ्याकडे आले, ते जवळजवळ मुकेच होऊन. एकदा गॅरेजमध्ये त्याचा शेर अर्ध्यावर अडला आणि बाबांनी तो पुरा केला. निजामाच्या राज्यात ते उर्दूतच शिकले होते.

"पण या शायराच्याच स्वप्नानं देश तोडला," बाबा उर्दूत म्हणाले. मी घाबरलो.

तो हात पुसत उठला. "मुल्क बनने से पहले ही वो चल बसे, चाचाजी. आगे जो किया, हमने किया."

मग दर रविवारी तो घरी येऊन बाबांशी भांडू लागला. बाबा शनिवारीच मुद्दे काढून ठेवत.

मी आभार मानले, तर म्हणाला, "मेरे अब्बा भी लाहोर में अकेले हैं, यार. उनसे कौन झगडता होगा?"