आईनं टीव्हीतल्या बाईला 'गो' म्हटलं

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाय, म्हणून इथे लिहितेय.

नवरा हात उचलतो म्हणून गेल्या आठवड्यात मी पेणहून निडीला माहेरी आले. आज आई वाल सोलत टीव्हीवर नट-नट्यांच्या घरच्या भानगडींचा तो कार्यक्रम बघत होती. एक नटी सांगत होती, "नवरा मारायचा, म्हणून मी घर सोडलं."

आईचे डोळे भरले. टीव्हीकडे बघतच म्हणाली, "बरा केलास गो बाय! परत जाऊ नको."

मी विचारलं, "आणि मी गो आई?"

आईचे हात थांबले. "तुझा येगला हाय. तिच्याकडं बंगला हाय, गाडी हाय. तू कुठं जाशील?"

"इथे आलेय ना!"

आईनं टीव्हीचा आवाज वाढवला. जाहिरात चालू होती, तरी.

मग कळलं, वाल कोणासाठी सोलत होती ते. संध्याकाळी जावई न्यायला येतायत, त्यांना बिरडं आवडतं.

आता बिरड्याला फोडणी बसलीय आणि मी नुसती आत-बाहेर करतेय. आई त्या नटीला जे म्हणाली, ते मलाही कोणीतरी म्हणा ना.