दस्तरखानावरचा भोंगा

सूड घ्यायचाच असेल तर तो जेवणाच्या वेळी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. समोरचा भुकेला असतो, त्याचे हात खरकटे असतात आणि यजमानाचा मान राखायचा म्हणून त्याला उठून जाताही येत नाही. हे मत मी कुठं वाचलेलं नाही. खुलताबादला एका लग्नाच्या दावतीत, बायकांच्या पडद्याआड बसून नान-खलिया खाता खाता ते माझं मी बनवलं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी वाळूजच्या एका लहान कारखान्यात यंत्रांची रचना करायचे. आम्ही अंगावर बाळगायचा इन्शुलिनचा पंप बनवत होतो. साबणाच्या वडीएवढी डबी, ती कमरेला अडकवायची. आत बारकीशी मोटर. मोटर स्क्रू फिरवणार, स्क्रू दट्ट्या पुढं ढकलणार आणि नाजूक नळीतून औषध कणाकणानं पोटाच्या कातडीखाली जात राहणार. दिवसभर, माणूस काहीही करत असो. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस खरोखरच काहीही करत असतो, आणि सगळी अडचण तिथंच असते.

नळी कुठं मुडपली की औषध अडतं. आतला दाब वाढतो, सेन्सरला तो कळतो आणि यंत्र ओरडतं. ओरडायलाच हवं, कारण औषध पोचलं नाही तर साखर चढते आणि धडधाकट माणूस आडवा होतो. प्रश्न एवढाच होता की ओरडायचं कसं. माझं म्हणणं, आधी डबीनं मोबाइलसारखं थरथरावं, ज्याचं त्याला कळावं. त्यानं लक्ष दिलं नाही तर मग खुशाल गळा काढावा. आमच्या साहेबांचं म्हणणं, पहिल्याच क्षणी भोंगा.

साहेब म्हणजे रचना विभागाचे प्रमुख. पुण्याहून आलेले, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट घालणारे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडं बघणारे. थरथर कपड्यांतून जाणवत नाही, असं ते म्हणत. मी साडी नेसून, पंजाबी ड्रेस घालून, स्वेटर चढवून ती जाणवते हे तपासलं होतं. ते त्यांना दाखवायला गेले तेव्हाही ते भिंतीकडंच बघत होते.

इथं माझी ताई येते. माझी थोरली बहीण, पिशोरला शाळेत शिक्षिका. कॉलेजात असल्यापासून रोज स्वतःला सुया टोचून घेत आलेली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्या मोजक्या लोकांनी आमचा पंप वापरून बघितला, त्यांत ती होती. सुयांतून सुटले म्हणून पहिल्या आठवड्यात तिनं शेजारपाजारच्यांना पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही, नुसता वास घेतला.

मग एके दिवशी ती पहिलीच्या पोरांना गोष्ट सांगायला त्यांच्यात खाली मांडी घालून बसली. मांडी घातली की पोटाला घडी पडते, घडीत नळी मुडपते. भर वर्गात तिच्या कमरेतून भोंगा वाजला. पोरं आधी घाबरली, मग हसली. दुसऱ्या दिवसापासून ती फळ्याकडं वळली की मागून कुणीतरी बारीक आवाजात "कुंई, कुंई" करायचं. पोरांचं एक वेळ ठीक, पण पुढं शिक्षकांच्या खोलीतही कुणीतरी तो आवाज काढला. त्या संध्याकाळी तिनं पंप काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि पुन्हा सुया हातात घेतल्या.

मी तिला हट्टानं कारखान्यात आणलं. म्हटलं, माझं ऐकत नाहीत, वापरणाऱ्या माणसाचं तरी ऐकतील. सगळ्यांसमोर ताईनं सरळ सांगितलं, "यंत्र लई चांगलं हाय साहेब. फक्त त्यानं आधी मला सांगावं, मग गावाला."

साहेब म्हणाले, "तुम्ही खुर्चीवर बसत जा."

"पोरं खाली बसत्यात, साहेब."

"मग इतकी लाज वाटत असेल तर घरी बसा. जीव मोठा की लाज?"

खोलीत दोघंतिघं हसले. ताईनं पदर नीट केला, पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि उठली. बसस्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. पिशोरच्या गाडीत चढताना ती एवढंच म्हणाली, "मला सुया बऱ्या."

मी परत आले, हात धुतले आणि साहेबांचं काय करायचं याचा विचार शांतपणे सुरू केला.

यंत्रात काही कमीजास्त करायचं नव्हतं, हे पहिल्यापासून पक्कं होतं. औषधाच्या यंत्राशी खोडी करणारा माणूस आमच्या धंद्यात माणूस धरला जात नाही. शिवाय गरजही नव्हती. साहेबांना अद्दल घडवायला साहेबांचं यंत्र पुरेसं होतं. फक्त ते त्यांच्या कमरेला बांधायला हवं होतं.

त्याची सोय मालकांनी करून ठेवली होती. मालक पैठणचे, कमी बोलणारे. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण देवाच्या सोवळ्यासारखा पाळला जायचा: यंत्रात जो बदल करील, त्यानं ते यंत्र शनिवारपर्यंत अंगावर घालून हिंडायचं. जेवायला, झोपायला, सासुरवाडीला, कुठंही. आंघोळीपुरतं काढायचं. सुई नसायची, डबीत साधं सलाइन भरायचं आणि नळीचं टोक पोटावर चिकटवलेल्या एका लहान पिशवीत सोडायचं. चाचणीसाठी पंप जरा भरभर चालवत असू, म्हणजे कुठं अडलं तर लगेच कळायचं. मी कितीतरी शनिवार असे घालवले होते. साहेबांनी एकही नाही, कारण बदल आम्ही करायचो आणि ते सही करायचे.

पण ताई येऊन गेल्यावर इरेला पेटून साहेबांनी स्वतः एक बदल केला. भोंगा आणखी मोठा केला, आणि वाजायला लागल्यावर पहिलं मिनिटभर कुठलंही बटण दाबलं तरी बंद होणार नाही अशी व्यवस्था केली. रुग्णानं दुर्लक्ष करू नये म्हणून. मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. तेव्हा ते प्रथमच भिंतीऐवजी माझ्याकडं बघून हसले.

नव्या भोंग्याची डबी तयार झाली, पण मी नियमाची आठवण लगेच दिली नाही. आमच्या टूलरूममधले चाचा खुलताबादचे, त्यांच्या मुलाच्या वलीम्याचं, म्हणजे लग्नानंतरच्या दावतीचं, सगळ्यांना बोलावणं होतं. तो आठवडा उजाडेपर्यंत मी गप्प राहिले. मग सोमवारी मालकांसमोर अगदी भोळेपणानं विचारलं, "साहेबांचा नवा भोंगा कुणी घालून बघितला का हो?"

मालकांनी चष्म्यावरून साहेबांकडं बघितलं. "बदल तुमचाच ना?"

"माझाच," साहेब म्हणाले. मान ताठ होती.

"मग घाला की."

उरलं एकच काम. जेवणाच्या सुट्टीत मी चाचांना म्हटलं, "साहेबांना मानाच्या जागी बसवा. खुर्ची देऊ नका बरं का, परकं मानलं असं वाटंल त्यांना."

"तौबा, खुर्ची कशाला?" चाचा म्हणाले. "व्याह्यांच्या शेजारी, खाली दस्तरखानावर मांडी घालून बसवतो."

दावतीला साहेब बंद गळ्याच्या कोटात आले. डबी आत, पट्टा घट्ट, वर गळ्यापर्यंत बटणं. ती काढायची तर चारचौघांत कोट सोडावा लागणार होता. मी बायकांच्या बाजूला, पडद्याला पाठ लावून बसले. नाटक पडद्याच्या पलीकडं होणार आणि मला नुसतं ऐकू येणार, याची थोडी हळहळ होती. पण त्याचीही एक लज्जत असते. नान आले, मटणाच्या खलियाच्या तर्रीचा वास दरवळला, कुणीतरी "बिस्मिल्ला" म्हणालं, आणि पुढं वाकून साहेबांनी पहिला घास मोडला असावा.

भोंगा वाजला.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पलीकडं सगळ्यांनी आपापले मोबाइल चाचपले. कुणी म्हणालं, गाडीचा आवाज हाय. मग एका म्हाताऱ्याचा खर्जातला, काळजीचा आवाज आला. ते नवरीचे आजोबा होते, हे मला नंतर कळलं.

"मियां, तुमारे पेट में से आरा क्या ये?"

"काही नाही, काही नाही, यंत्र आहे," साहेब म्हणाले आणि उभे राहिले. उभं राहिल्यावर घडी सुटली, नळी मोकळी झाली, पण ते एक मिनिट त्यांनीच घालून ठेवलेलं होतं. तेवढा वेळ ते भर दावतीत उभे राहून वाजत होते.

एकदाचं थांबलं. साहेबांनी ताटली हातात मागितली, उभ्यानंच खातो म्हणाले. आता पाहुण्याला उभ्यानं जेवू दिलं तर ते खुलताबाद कसलं? आजोबांनी त्यांचा हात धरला.

"खडे रैके खाते क्या? बैठो मियां, बैठो."

साहेब बसले. घास, वाकणं, भोंगा. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाला बरं नाही का? मी म्हटलं, बरं हाय, सवय नाय त्यांना. आणि आणखी एक नान घेतला.

"बैठो मियां" पुन्हा ऐकू आलं, आणि नंतर पुन्हा. शेवटी तिकडच्या पोरांना खेळ सापडला. साहेब बसायला लागले की भोंगा वाजायच्या आतच पाचसहा पोरं एका सुरात "कुंई" करत. पडद्याआडून तो आवाज ऐकला तेव्हा मात्र मला जेवण थांबवावं लागलं. पोटात हसू मावत नव्हतं म्हणून नव्हे. पिशोरचा वर्ग आठवला, आणि वाटलं, आता फिटलं.

नंतरच्या सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीकडं बघत म्हणाले, "मला एक कल्पना सुचली आहे. आधी थरथर, मग आवाज. आणि नळी पोटाच्या घडीत न येता बाजूनं निघावी."

मालकांनी विचारलं, "कल्पना कुणाची?"

"माझी."

"साहेबांचीच," मी लगेच म्हटलं, आणि तयार ठेवलेली डबी त्यांच्यापुढं सरकवली. "शनिवारपर्यंत."

साहेबांनी डबीकडं बघितलं. मग माझ्याकडं, बराच वेळ. खोलीत कुणीतरी अगदी हळू "कुंई" केलं. मी नव्हते.

"खरं म्हणजे," साहेब म्हणाले, "मूळ कल्पना यांची आहे. यांनीच घालावी."

ती डबी मी दागिन्यासारखी घातली.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर नवा पंप घेऊन मी पिशोरला गेले. ताईनं आधी नाही म्हटलं, मग बिस्किटांच्या डब्यातून जुना पंप काढला, दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि नवा कमरेला लावला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या वर्गाच्या दाराशी उभी होते. ती पोरांत खाली मांडी घालून बसली. पोरं कान टवकारून वाट बघत राहिली आणि कंटाळून शेवटी गोष्ट ऐकायला लागली. मधेच एकदा तिनं पदर सारखा करावा तसा कमरेला हात लावला, जराशी सरळ झाली आणि गोष्ट न थांबवता पुढं सांगत राहिली. कुणाला काही कळलं नाही.

घरी आल्यावर चहा ठेवताना तिनं विचारलं, "त्या साहेबानं माफी मागितली का गं?"

"नाय."

"बरं झालं. मागितली असती तर माफ करावं लागलं असतं." तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. "आता पुन्हा सांग. त्या म्हाताऱ्यानं हात धरला, तिथपासून."