रुईतलं जोडवं

पायातलं चांदीचं जोडवं काढून मी रुईच्या ढिगात पुरलं. कशासाठी, तर एका बाईची परीक्षा घ्यायला. परीक्षा घेणारीला तेव्हा स्वतःचं लुगडं धड सावरता येत नव्हतं. पण दुसऱ्याची नियत ओळखण्यात आपल्यासारखी कोणी नाही, अशी तिची पक्की खात्री होती.

सासर वलगावचं. शेत काळ्या मातीचं, आणि जिकडं पाहावं तिकडं कापसाची पऱ्हाटीच. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, म्हणून विलायतेला आमच्या कापसाची भूक लागली होती. रुईची गाडी अमरावतीच्या बाजारात पोचायच्या आधीच व्यापाऱ्यांची माणसं ती वाटेत अडवत. भाव चढला तशी भल्याभल्यांची नियत उतरली. वजन वाढावं म्हणून कोणी कापसावर पाणी शिंपडी, कोणी वाळू मिसळी.

असं करताना एक विधवा बाई पकडली गेली. वेचणीत मिळालेला आपल्या वाट्याचा कापूस तिनं भिजवून विकला होता. भिजवणारे गावोगाव होते, पण अकोल्याच्या तुरुंगात चक्की पिसून आली ती हीच. सुटल्यावर बाळापूरला गेली, तिथं कोणी वेचणीला उभं केलं नाही. बडनेऱ्याकडं आगगाडीच्या रुळांसाठी मातीचा भराव चालला होता, तिथं पाट्या वाहू लागली. कोणीतरी ओळखलं, आणि मुकादमानं डोईवरची पाटी उतरवून घेतली. शेवटी आमच्या दारी आली. तिच्या आधी तिचं नाव येऊन पोचलं होतं: अकोलेवाली. बिचारीचं माहेर अकोल्याचं नव्हतं, सासरही नव्हतं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, ओट्यावर बसल्या होत्या.

"काय केलं होतं व तुनं?" त्यांनी सरळच विचारलं.

"पानी घातलं होतं कापसात."

"काहून?"

"सगळेच घालून राह्यले होते, माय. त्याइले पचलं. मले नाई पचलं."

आत्याबाईंनी सुपारी गालात फिरवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, कान टवकारून. बाई रडेल, शपथा घेईल, देवाला मध्ये ओढील, असं मला वाटलं होतं. तिनं काहीच केलं नाही. कदाचित म्हणूनच आत्याबाईंनी तिला ठेवलं असावं. बाया मिळत नव्हत्या हेही खरंच.

अट मात्र घातली. रुईतली काडी-पाती वेचून काढायची. बाजाराची गाडी निघेस्तोवर तक्रार आली नाही, तर तिला रेच्यावर बसवायचं. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी यंत्र. त्यावर बसणारी बाई घरचीच धरली जाई. शेतातली वेचणी संपली तरी तिचं काम संपत नसे. अकोलेवालीनं त्या रेच्याकडं असं पाहिलं, जसं उपाशी माणूस चुलीकडं पाहतं.

हे मी पाहिलं होतं बरं का. तरीही मला सुचलं काय, तर जोडवं! चोर असेल तर कनवटीला लावील, साव असेल तर आणून देईल. केवढा तो न्याय! गाडी भरायच्या दिवशी सकाळीच मी ते तिच्यासमोरच्या ढिगात सारलं आणि दाराच्या फटीला डोळा लावून बसले. बाई पाती वेचते आहे, वेचते आहे. बाहेर ऊन, आत गारवा, आणि पोटात ज्वारीची भाकर. न्यायाधीशबाई फटीपाशीच घोरू लागल्या.

जाग आली ती आत्याबाईंच्या आवाजानं. ढीग जागेवर नव्हता. रुई गोण्यांत भरून गाडी निघूनही गेली होती.

"पायातलं जोडवं कुठं गेलं व तुह्या?"

सवाष्णीचा पाय असा अर्धा उघडा! अंगणातल्या बाया गोळा झाल्या. मी म्हणाले, "पडलं असंन." एक जण म्हणाली, "इथं दिवसभर कोन बसलं होतं, ते पाहा ना." बाकीच्यांनी नुसते डोळे वळवले.

अकोलेवाली न सांगताच उठली. पदराची ओटी सोडून तिनं सगळ्यांसमोर झटकली. काड्या पडल्या, एक सुकी मिरची पडली, भाकरीचा तुकडा पडला. तिनं तुकडा उचलून पुन्हा पदरात बांधला.

आत्याबाईंचा आवाज खाली आला. "मी म्हनत नाई तुनं घेतलं. पन बाया बोलतीन. उद्यापासून नको येऊ."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पुष्कळदा ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकावी तसं. आणि जाताना वळून रेच्याकडं एकदा पाहिलं.

त्या पाहण्यानं माझी दातखीळ सुटली. "म्याच ठेवलं होतं!" मी ओरडले.

"कुठं?"

"रुईत."

"कोनत्या रुईत?"

"गाडीत गेली त्या."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. व्यापारी आता गोणीत कोपरापर्यंत हात घालून पाहत. रुईत टणक काही लागलं, की वजनाची लबाडी म्हणून गाडीच परत, वर चौकशी वेगळी. आणि ती रुई कोणी साफ केली, हे पहिल्या झटक्यात विचारलं असतं.

आम्ही पेढी नदीकडं धावलो. गाडीवान नदीवर बैलांना पाणी पाजत होता, देवाची कृपा. गोण्या उतरवून काठावरच उघडल्या. मागून अकोलेवालीही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण ती पाण्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला बसली. मी म्हटलं, "इकडं सावलीत या ना." ती म्हणाली, "नाई सूनबाई, मी इथंच बरी."

का, ते लगेच कळलं. अमरावतीकडं जाणाऱ्या एका गाडीतून हाक आली, "काय व बाया, रुई धुवून राह्यल्या का?" गाडीभर लोक हसले. अकोलेवालीनं दोन्ही हात वर धरले, कोरडे आहेत हे दिसावं म्हणून. हसणारे पुढं गेले, तरी हात तसेच.

आत्याबाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि एक गोणी फरफटत तिच्यापुढं नेऊन टाकली. "हात खाली घे. काम कर."

जोडवं तिलाच सापडलं. तोवर आमच्या केसांत, भुवयांत रुई. मी तर बसल्याजागी म्हातारी झाले होते, आज आहे तशी. तिनं ते मला दिलं नाही, आत्याबाईंच्या तळहातावर ठेवलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं, मी ते नातसुनांवर वापरते. मग तिला म्हणाल्या, "उद्या उजाडताच ये. रेच्यावर बस."

परतताना मी मान खाली घालून मागं रेंगाळले. ती माझ्यासाठी थांबली. तोंडावर पदर होता, पण खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले, तर बाई हसत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "म्या कापसात पानी घातलं, तं सायबानं मले चक्की पिसाले अकोल्याले धाडलं. तुमी तं चांदी घातली! आता पिसा आत्याबाईच्या घरी जलमभर."