सातव्या महिन्यातला निरोप

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. बायको पहिलटकरीण होती, सातवा संपत आलेला. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला न्यायला माहेरचा माणूस येणार, तो मुराळी. तो आल्याशिवाय सुनेनं निघायचं नाही. आठवा लागला की पोटुशी बाई शिवेबाहेर न्यायची नाही. माझी थोरली वहिनी आमच्याच घरात बाळंत होताना गेली होती. त्या खोलीत पाऊल टाकायला बायको भ्यायची. भाकऱ्या उरकल्या की माहेराकडनं येणाऱ्या पलूसच्या रस्त्याकडं बघत दारात उभी राहायची.

"बाप इसरला जनू," आई तिला ऐकू जाईल असं म्हणायची. "विकल्याली म्हस न्यायला बी मानूस येतं, ही तर लेक हाय."

ती परत रस्त्याकडं बघायची. पण मुराळी येणार नाही हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

दहा-बारा दिवसांमागं तिच्या माहेरचा, जतकडचा एक घोंगडीवाला मला मळ्यात गाठून सांगून गेला होता. सासरे विहिरीच्या पायरीवरनं पडले, मांडीचं हाड मोडलं. मेव्हणा पलटणीत, मुलखाबाहेर. "जावयाला म्हनावं, तुमीच आनून सोडा, हात जोडतो." तो निरोप मी घरी सांगितला नाही.

कारण फेटा. लग्नात मला जरीचा ठरला होता. सासऱ्यांनी साधा पांढरा बांधला, म्हणाले कापडच मिळत नाही. भावकी हसली. मी मांडवातच बोलून बसलो, तुमी स्वतः आमच्या घरी येऊन जरीचा फेटा बांधल्याबगार तुमचा उंबरा चढणार न्हाई. बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही, आजही नाही. वाटलं, गरज त्यांची आहे, येतील गाडीत पडून.

आठव्याला तीन दिवस राहिले. सकाळी चुलीपुढं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी गेले तर माज्या आईला तेवढं कळवा. मुराळ्याची वाट बघू नगा."

मी उठून बैल सोडले. आई आडवी आली. "मुराळी न्हाई आन् सून घालवतुस? लोकं काय म्हंत्याल?"

"म्हनू देत."

गाडीत पिंजर घालून वाकळ अंथरली. दोन दिवसांची वाट. ती खुशीत होती, तेच मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरची वस्ती दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "आवं, बा आजारी तर नसंल?"

मोडका पाय आता ती बघणारच होती. मी मागं वळलो नाही. बैलांच्या पाठीकडं बघत सगळं सांगून टाकलं.



"किती दिस झालं?"

"पंदरा."

"गाडी थांबवा."

ती उतरली आणि उन्हातनं, पोट सावरत, पुढं चालायला लागली. मी म्हटलं, बस गं वर. तिनं ऐकलं नाही. मी मागनं गाडी हळूहळू आणली.

सासरे अंगणात बाजेवर होते, मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. शेजारपाजारची माणसं गोळा झाली. लेकीच्या पाठीवरनं हात फिरवत त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, निरोप कवा पावला?"

मी बैलांचं जू उतरायला वळलो.

"परवा," बायको म्हणाली. "पावला तशी गाडीच जुपली ह्यांनी."

म्हातारा रडायलाच लागला. सासूबाईंना ट्रंक उघडायला सांगितली. जरीचा फेटा निघाला. मेव्हण्याच्या पगारातनं घेऊन ठेवला होता म्हणे. "लय दिस तुमचा मान ऱ्हायला व्हता. पर मला उटवंना. जरा खाली बसा, पावनं."

मी बाजेपाशी गुडघ्यावर बसलो. बायको दारातनं बघत होती. ते एकेक वेढा घालत होते, आणि फेटा बांधून होईस्तोवर मी मान वर केली नाही.

जावई मोठा नम्र आहे, असं कोणीतरी म्हणालं.